न्यायाधीशांनी मुलाला बोलावलंय, आता काय करायचं?

"मॅडम, पुढच्या तारखेला पोराला घेऊन या म्हणालेत. काय काय शिकवून आणू त्याला?"

घटस्फोटाचं किंवा मुलाच्या ताब्याचं प्रकरण सुरू असलेले पालक मला हा प्रश्न हमखास विचारतात. कधी आई विचारते, कधी वडील, आणि बऱ्याचदा बरोबर आलेली आज्जी किंवा मामा. काही म्हणजे काही शिकवू नका, असं मी सांगते. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण त्या तारखेच्या आधी आणि नंतर मोठ्यांनी करायची कामं पुष्कळ असतात आणि ती कुणी नीट सांगत नाही. कोल्हापुरात वकील म्हणून कौटुंबिक दावे चालवताना जे बघितलं आणि जे कायद्यात आहे, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्या आई-वडिलांसाठी हे आहे.

आधी हे ओळखा: साक्ष आहे की नुसतं बोलणं?

आपल्याकडे सरसकट "पोराची साक्ष आहे" असं म्हणतात. बहुतेक वेळा ती साक्ष नसते. साक्ष म्हणजे पिंजऱ्यात उभं राहायचं, आधी आपल्या वकिलाने प्रश्न विचारायचे (सरतपास), मग समोरच्या वकिलाने (उलटतपास). ताब्याच्या प्रकरणात लहान मुलाला असं उभं करणं विरळाच. न्यायाधीश मुलाला आपल्या चेंबरमध्ये बोलावतात, आई-वडील आणि वकील बाहेर थांबतात आणि आत साध्या गप्पा होतात. याचा आधार १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १७ मध्ये आहे. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय त्या पसंतीचा विचार करू शकतं, असं तिथे म्हटलंय. 'करू शकतं' एवढंच. मूल म्हणेल तसाच निकाल लागतो, हा गैरसमज आधी काढून टाका आणि मुलाच्याही मनातून काढा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचं कलम १३ सांगतं की मुलाचं कल्याण सगळ्यात वरचं. त्यापुढे आईचा हक्क, वडिलांचा हक्क आणि मुलाची आवडसुद्धा खाली येते.

किती वर्षांच्या मुलाला विचारतात? कायद्यात आकडा नाही. पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं याच १९५६ च्या कायद्यात, कलम ६ मध्ये आहे, पण तो ताब्याचा नियम झाला. बोलण्यासाठी न्यायाधीश मुलाची समज बघतात. सात वर्षांची एखादी पोरगी नीट सांगते आणि बारा वर्षांचा पोरगा भीतीने गप्प बसतो, दोन्ही मी बघितलंय.

हिंदू कायदे बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतात. मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंब असेल तर घटस्फोटाचा कायदा वेगळा, पण १८९० चा कायदा सगळ्यांनाच लागू आहे.

खरीखुरी साक्ष कधी होते, आणि ती का टाळावी

घटस्फोट छळाच्या कारणावर मागितला असेल आणि घरात घडलेलं फक्त मुलाने बघितलं असेल, तर एखादा पक्षकार हट्ट धरतो की पोराला साक्षीदार करा. कायदा अडवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ नुसार वयाची अट नाही. प्रश्न कळतो आणि समंजस उत्तर देता येतं एवढं न्यायालयाला पटलं की मूल साक्ष देऊ शकतं. १२ वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं असतं हे कळत असेल, पण शपथ म्हणजे काय ते उमगत नसेल, तर शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे शपथेशिवायही त्याचं म्हणणं नोंदवता येतं.

कायदा अडवत नाही म्हणून करावं असं नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी हे एकदा केलं. अशिलाच्या आग्रहावरून अकरा वर्षांच्या मुलाचं नाव साक्षीदारांच्या यादीत घातलं. तारखेला तो व्हरांड्यात माझ्या शेजारी बसला होता. समोरच्या बाकावर त्याची आई, मांडीवर स्टीलचा डबा. तिने डबा त्याच्यासाठीच आणला होता आणि पुढे येऊन द्यायची तिची हिंमत होत नव्हती. मुलगा बराच वेळ त्या डब्याकडे बघत होता. मग हळूच मला म्हणाला, "वकीलबाई, मी आत बोललो तर आईला शिक्षा होणार का?" मी अशिलाला बाजूला घेतलं, त्याच्याशी अर्धा तास भांडले आणि हा साक्षीदार तपासायचा नाही अशी पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, कोर्टात दिली. त्यानंतर मी कुठल्याच मुलाचं नाव यादीत घातलेलं नाही.

जे मुलाच्या तोंडून वदवायचं असतं, त्यातलं बरंच दुसरीकडून सिद्ध करता येतं. दवाखान्याचे कागद, शेजारी, घरकाम करणाऱ्या मावशी, शाळेच्या हजेरीची नोंद, वर्गशिक्षिका, मोबाईलवरचे मेसेज. तुमचा वकील मुलाचं नाव सुचवत असेल तर आधी एवढंच विचारा: हीच गोष्ट आणखी कुणाला माहीत आहे?

नोटीस नीट वाचा

कोणतं न्यायालय, कोणती इमारत, किती वाजता, हे कागदावर असतं. कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालय आहे. ज्या भागाला त्याची हद्द लागू नाही, तिथले दावे दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयात चालतात. ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो. त्यामुळे मूल इचलकरंजीला आजोळी राहात असेल आणि तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत, तर वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे कोल्हापुरातलं खंडपीठ, बसतं. लोक चुकून तिकडे जातात. दावा तिथे सुरू होत नाही. अपील किंवा रिट करायची वेळ आली तरच तिथलं काम.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्काने मिळत नाही, परवानगीने मिळतो. तसा अर्ज वकील सुरुवातीलाच देतात. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कमावत्या बाईलाही मिळतो, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं.

वकिलाकडून कोणता अर्ज करून घ्यायचा

हा टप्पा लोक सोडून देतात आणि मग व्हरांड्यात तीन तास मूल बसवून ठेवतात. तारखेच्या आधी एक साधा अर्ज द्यायला सांगा. त्यात चार मागण्या असू द्या. मुलाशी चेंबरमध्ये, पालक आणि वकील यांच्याशिवाय बोलावं. ठरावीक वेळ द्यावी, शक्यतो बोर्डावरची, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतली, बाकीची कामं सुरू व्हायच्या आधी. घटक चाचणी किंवा सहामाहीच्या दिवसांत बोलावू नये. आणि गरज वाटल्यास आधी न्यायालयाच्या समुपदेशकांनी मुलाला भेटावं. मूल परगावी असेल तर व्हिडिओ कॉलवर बोलण्याचीही विनंती करता येते, पण समोरासमोर बोलणं केव्हाही चांगलं. कॅमेऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते न्यायाधीशांना दिसत नाही.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम ११ आहे, त्याप्रमाणे कामकाज बंद दरवाजाआड चालवता येतं. दोघांपैकी एकानेही मागणी केली तर तसं करावंच लागतं. कलम १२ प्रमाणे न्यायालय डॉक्टर किंवा बालकल्याणातल्या जाणकाराची मदत घेऊ शकतं. मूल फारच घाबरलेलं असेल तर याचा उपयोग करून घ्या.

समुपदेशकांबद्दल एक गोष्ट आधीच कळलेली बरी. नवरा-बायकोतल्या तडजोडीचं बोलणं गुप्त राहतं, पण मुलाच्या ताब्याच्या बाबतीत समुपदेशकाचा अहवाल न्यायाधीश बघू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे. तेव्हा "तू त्या मॅडमना काहीही सांग, कुणाला कळणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका. उद्या आई-वडिलांपैकी कुणी अहवालातली ओळ त्याला ऐकवली, तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल.

घरात काय सांगायचं

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं.

एका सात वर्षांच्या मुलीला न्यायाधीशांनी विचारलं, "पप्पांकडे का नाही जायचं तुला?" तिने एका दमात सांगितलं, "माझ्या वडिलांचं वर्तन बेजबाबदार आहे." मॅडमनी शांतपणे विचारलं, "बेजबाबदार म्हणजे काय गं?" पोरीने दाराकडे बघितलं. दाराबाहेर आई उभी होती. नंतर बाहेर येऊन मुलगी आईला म्हणाली, "मला पुढचं आठवलं नाही." वडील खरोखर जबाबदार नव्हते. खर्च देत नव्हते, भेटीच्या दिवशी येत नव्हते. पण त्या एका पाठ केलेल्या वाक्याने आईच्या खऱ्या तक्रारीवरही शंका आली. मुलाच्या मनात एका पालकाविषयी पद्धतशीर विष कालवणं हा मुलावरचा अन्याय आहे, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात घेतली आहे. ज्याने शिकवलं, त्याच्यावरच ते उलटतं.

मग सांगायचं काय? मुलाला कळेल असं आणि खरं तेवढंच. माझ्या ओळखीच्या एका आईने असं सांगितलं होतं: "आपल्या घराचं एक भांडण सोडवायला मी आणि पप्पा एका मोठ्या मॅडमकडे गेलोय. त्यांना तुझ्याशी बोलायचंय. तुला शाळेत, घरी काय आवडतं, कशाची भीती वाटते, ते विचारतील. तुला जे वाटतं ते सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. ठरवायचं काम त्यांचं आहे, तुझं नाही." शेवटचं वाक्य दोनदा सांगा. आई की वडील हे आपण ठरवतोय असं मुलाला वाटलं, की जो हरेल त्याचं दुःख ते आयुष्यभर आपल्या माथी घेतं.

हे आदल्या रात्री सांगू नका, झोप उडते. महिनाभर आधीही नको. दोन दिवस आधी, जेवणानंतर, निवांत असताना.

"तू कुणाकडे राहणार?" हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही. आज्जी-आजोबा, मामा, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांना आधीच बजावून ठेवा. आपल्याकडे माणसं प्रेमापोटी विचारतात, मांडीवर घेऊन विचारतात, आणि मुलाला तेच फार जड जातं. तारखेच्या आठवड्यात नवी सायकल, मोबाईल, पन्हाळ्याची सहल यातलं काही नको. न्यायाधीश विचारतात आणि मुलं निष्पापपणे सांगून टाकतात. मुलाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंगही करू नका. मोबाईल समोर धरून "हं, आता सांग पप्पा काय करायचे" अशा क्लिप मी बघितल्या आहेत. त्यात मोठ्याचा आवाज मुलाच्या आवाजापेक्षा जास्त ऐकू येतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर, स्टेटसला या प्रकरणातलं काहीही टाकू नका. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे असं कामकाज छापणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हाच आहे.

मूल तुम्हाला मारहाणीबद्दल किंवा अंगाला नको तसा हात लावल्याबद्दल सांगत असेल, तर इथे थांबा. ती गोष्ट तारखेसाठी राखून ठेवायची नसते. लगेच १०९८ वर फोन करा किंवा पोलिसांत जा. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो आणि त्यात मुलाचा जबाब नोंदवण्याची वेगळी, मुलाला सांभाळून घेणारी पद्धत आहे. घरात हिंसा असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तात्पुरता ताबाही मागता येतो. आणि खोटं असं काही मुलाच्या तोंडी घालू नका. मुलाच्या अंगावर ते आयुष्यभर राहतं.

तारखेच्या दिवशी

पोटभर खायला घालून न्या. पाण्याची बाटली, बिस्किटं, एखादं गोष्टीचं पुस्तक किंवा रंगकाम बरोबर असू दे. सोबत येणारा माणूस शांत स्वभावाचा निवडा, भांडायला दंड थोपटून आलेला काका नको. पोहोचल्यावर बेंच क्लार्कना, म्हणजे न्यायाधीशांच्या समोर बसणाऱ्या कारकुनांना, सांगून ठेवा की मूल आलंय. मुलांसाठी वेगळी खोली असेल तर तिथेच बसवा. कोर्ट हॉलमध्ये दुसऱ्यांची भांडणं ऐकत बसवू नका.

व्हरांड्यात दुसरा पालक भेटणारच. मूल त्याच्याकडे धावलं तर जाऊ द्या. तो क्षण कठीण असतो, मला माहीत आहे. पण हात धरून मागे ओढलेलं मूल आत जाऊन बोलू शकत नाही.

आत काय होतं? "तुझी शाळा कुठली, मित्र कोण, ताप आला की कोण जागं राहतं, गृहपाठ कोण घेतं, पालकसभेला कोण येतं," असे प्रश्न असतात. "कोणाकडे राहायचंय" हा प्रश्न बऱ्याचदा शेवटी येतो आणि कधी कधी येतही नाही. एका दहा वर्षांच्या मुलाने माझ्या अशिलाबद्दल, म्हणजे त्याच्या आईबद्दल, आत काहीच वाईट-चांगलं सांगितलं नाही. तो पंधरा मिनिटं फुटबॉलवर बोलला. पप्पा रविवारी शाहू स्टेडियमला मॅचला नेतात, शेंगा घेतात, आणि परत येताना आईसाठी त्यातल्या थोड्या राखून ठेवायला सांगतात. न्यायाधीशांनी रविवार वडिलांकडे दिला. आईनेही तो मान्य केला. शेंगांचं तिला ठाऊकच नव्हतं.

"मला दोघंही पाहिजेत" हे उत्तर मुलं फार वेळा देतात. ते उत्तर पूर्ण आहे. त्यावर मुलाला कुणी रागवायचं नाही. न्यायाधीश काय ऐकलं ते सगळं वकिलांना सांगतीलच असं नाही. टिपण स्वतःजवळ ठेवतात किंवा रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या रोजच्या नोंदीत, फक्त "मुलाशी चर्चा केली" एवढीच नोंद येते. प्रत मागण्यासाठी तिथेच वाद घालू नका. मुलाला न विचारताच ताबा ठरवला, ही चूक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटलं होतं आणि न्यायमूर्तींनी स्वतः त्या मुलाला चेंबरमध्ये बोलावून त्याचं म्हणणं ऐकलं होतं. म्हणजे दिल्लीपर्यंत या पंधरा मिनिटांना किंमत आहे. ती मुलाची असू द्या.

बाहेर आल्यावर

काहीही विचारू नका. "काय विचारलं? तू काय म्हणालास?" हे ओठांवर येतं, गिळा. स्वतःहून सांगितलं तर ऐका, "बरं" म्हणा आणि पुढे चला. मधली सुट्टी व्हायच्या आत पोहोचत असाल तर शाळेत सोडा. मित्रांत गेलं की चेहरा मोकळा होतो. वर्गशिक्षिकेला एवढंच कळवा की सकाळी थोडा ताण होता. नंतरच्या आठवड्यात पोटात दुखणं, अंथरूण ओलं होणं, शाळेला जायला नको म्हणणं असं दिसलं तर त्याला नाटक म्हणू नका. शाळेच्या समुपदेशकांशी बोला किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

निकाल आल्यावर

तात्पुरता असो की अंतिम, आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागा, कारण अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून धावायला लागते. भेटीचे वार, वेळ, जागा, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी, आजारपणात काय करायचं, हे आदेशात स्पष्ट लिहून घ्या. "सोयीनुसार भेट" असं मोघम लिहिलं की दर रविवारी दारात भांडण ठरलेलं. मूल ज्याच्याकडे नाही त्याला फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, असं २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. ते मागून घ्या. मुलाला निकाल शक्यतो दोघांनी मिळून सांगा, तसं जमत नसेल तर मूल ज्याच्याकडे राहतं त्याने सांगावं, पण "तू तसं बोललास म्हणून" हे शब्द त्यात येता कामा नयेत.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली, बदली झाली, कुणी पुन्हा लग्न केलं, मुलाला त्रास व्हायला लागला, तर त्याच न्यायालयात बदलासाठी अर्ज करता येतो, आणि न्यायाधीश मुलाला पुन्हा बोलावू शकतात. आज नऊ वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा असेल, आणि त्याच्या बोलण्याला आजच्यापेक्षा जास्त वजन आलेलं असेल.